सरवा बंद

तुरीची शेवटची ट्रॉली शेतातून हलली, की त्या शेतावरची मालकी थोडी सैल होते, असं बेलोरीत फार पूर्वीपासून मानत आले. ट्रॉलीमागची धूळ खाली बसते न बसते तोच नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया पदर खोचून रानात उतरत. कापणीत गळालेल्या शेंगा, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अडकलेली एखादी फांदी, भेगेत गेलेले दाणे, सगळं वेचून बोचक्यात भरत. ह्यालाच सरवा म्हणतात. सरव्याला कोणी परवानगी मागत नाही आणि कोणी देतही नाही. पाखरांनी खाल्लं ते पाखरांचं, बायांनी वेचलं ते बायांचं. वस्तीतल्या घरांची पावसाळ्यापर्यंतची डाळ त्यातूनच निघायची.

बेलोरी अमरावतीहून दर्यापूरकडे जाताना लागते. गावातली सगळ्यात मोठी शेती खुशालरावांची, आणि ही गोष्ट त्यांच्या बायकोची, कौशल्येची.

गावात आणखी एक रीत होती, पण तिला नाव नव्हतं. भरल्या घरातल्या बायांच्या हातात धान्य असतं, पैसा नसतो. बाजारात माल गेला की पैसा पुरुषाच्या खिशात जातो आणि तिथून बाहेर निघताना कारण विचारतो. म्हणून कोठीतली पायली-दोन पायली तूर, कधी गहू, मागच्या दारानं हळूच बाहेर पडायचे. दुकानदार काही न विचारता मोजून घ्यायचा. कौशल्या हे तिच्या सासूकडून शिकली होती, आणि सासू तिच्या सासूकडून. मात्र मोठ्या घरची बाई डोक्यावर बोचकं घेऊन दुकानात जाणार कशी? त्याला सरवा वेचणारी बाई लागते. तिच्या बोचक्यात तूर दिसली तर कोणाच्या भुवया वर जात नाहीत.

कौशल्येचं हे काम पार्बताबाई करायची. कौशल्या लग्न होऊन आली तेव्हापासून दोघी एकमेकींना ओळखत होत्या. पार्बता विधवा होती, गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची आणि उरलेल्या वेळात शेतावर जायची. दुकानातून येताना ती पैसे पदराच्या गाठीत आणायची, त्यातला तिचा वाटा कौशल्या तिथल्या तिथे देऊन टाकायची. कधी कुरबुर नाही, कधी शब्द वाढला नाही.

हा पैसा जायचा अमरावतीला, लेकीकडे, प्रियदर्शनीकडे. पदवी झाल्यावर वडिलांनी पोरीला सांगून टाकलं होतं की शिकणं झालं, आता स्थळं पाहू. पोरीला अधिकारी व्हायचं होतं. ती अमरावतीत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. खुशालरावांना वाटायचं ती कुठल्याशा शिकवणीत शिकवून स्वतःचं भागवते. खरं म्हणजे तिला बेलोरीची तूर भागवत होती.

त्या वर्षी संक्रांतीनंतर प्रियदर्शनीचा फोन आला. क्लासची फी एकदम भरायची होती आणि मुदत जवळ आली होती. पायलीनं भागणार नव्हतं. घाईघाईत कौशल्येनं शेतावरच्या धान्याच्या कोठ्यातला एक कट्टा, भरलेलं पोतं, अर्धा रिकामा केला आणि उरलेला तसाच पार्बताच्या हवाली केला. एरवी ती जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून द्यायची. ह्या कट्ट्यावर निळ्या रंगात खुशालरावांच्या नावाची खूण होती. घरी गेल्यावर दुसऱ्यात ओतून घे, असं तिनं सांगितलं, आणि पार्बतानं मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी शाळेत तांदूळ उतरायचा होता, त्या गडबडीत ते ओतणं राहूनच गेलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात खुशालरावांच्या कोठ्यावर चोरी झाली.

सकाळी सालगडी श्याम बैल सोडायला गेला तर कोठ्याचं कुलूप तुटून पडलेलं, शटर अर्धवट वर, आणि आतली तुरीची थप्पी नाहीशी. बाहेर ओल्या मातीत पिकअप गाडीच्या चाकांचे ठळक पट्टे उमटले होते. ते पट्टे पांदणीनं सरळ डांबरी रस्त्यापर्यंत गेले होते आणि तिथे संपले होते. खुशालराव त्या पट्ट्यांकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. तिथून ते घरी आले, पाणी प्यायले आणि खाली बसले. कौशल्येला त्यांची दया आली. वर्षभराचं पीक होतं ते.

नाल्यापलीकडच्या वस्तीत पिकअप सोडा, धड दोन्ही पायडलांची सायकल नव्हती. हे सगळ्यांना दिसत होतं. पण राग डांबरी रस्त्यानं गेलेल्या गाडीमागे धावू शकत नाही. जिथवर पायी जाता येतं तिथवरच तो जातो. दुपारी ठाण्यातून जमादार आला, ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली, आणि उपसरपंचानं मुद्दा काढला. सरव्याच्या नावाखाली ह्या बाया सगळ्यांच्या रानात, कोठ्याभोवती हिंडतात. कोणाचा माल कुठे पडला आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? चोरांना खबर देणारं कोणीतरी गावातलंच असणार. माना डोलल्या. दोन गोष्टी तिथेच ठरल्या. एक, आजपासून सरवा बंद. दुसरी, वस्तीतली बाई बोचकं घेऊन दिसली तर ते उघडून पाहायचं. आणि एवढी माणसं जमलेलीच होती, म्हणून सगळे तसेच वस्तीकडे निघाले, घरं पाहायला.

कौशल्याही निघाली. तिला घरी बसवेना.

पार्बता नुकतीच शाळेतून आली होती. हाताला खिचडीची हळद तशीच होती. चुलीमागे, सरपणाच्या आडोशाला कट्टा सापडला. कोणीतरी तो ओढत अंगणात आणला आणि निळी खूण वर करून ठेवली.

जमादारानं विचारलं, हे काय आहे?

पार्बतानं गर्दीवरून नजर फिरवली आणि ती कौशल्येवर थांबवली. सांगू का, एवढंच ती विचारत होती. कौशल्येला ते लख्ख कळलं. तिनं पदर सारखा केला आणि खाली पाहिलं.

"सरव्याची हाये, साहेब," पार्बता म्हणाली.

खुशालराव पुढे झाले. कट्ट्यात हात घालून त्यांनी मूठभर तूर काढली, तळव्यावर पसरली.

"बाई, सरव्याची तूर काठीनं झोडपून काढा लागते. तिच्यात माती राहते, फोल राहते. हे थ्रेशरची हाये. कट्टाही माहाच."

"कट्टा सापडला होता मले रस्त्यावर."

"आन तूर त्याच्यात आपसूक भरली?"

लोक हसले. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाचा जन्म शेतात गेला होता, झोडपलेली तूर आणि यंत्रातली तूर आंधळ्यालाही हातानं ओळखता आली असती. पार्बतालाही हे माहीत होतं. दुसरं काय बोलावं हे सुचायला तिला वेळ मिळाला नव्हता, इतकंच.

कौशल्येच्या तोंडात वाक्य तयार होतं. ती तूर मी दिली. एवढंच म्हणायचं होतं. तिनं मनाशी ठरवलं की लोक पांगले की घरी जाऊन ह्यांना सांगेन. इथे, चारचौघांत, खुशालरावांची बायको नवऱ्याच्या कोठ्यातून तूर चोरून विकते, असं कसं म्हणायचं? आणि मग पुढचा प्रश्न येणार, पैसे कुठे गेले. प्रियदर्शनीची परीक्षा तोंडावर आलेली. जमादार पार्बताला चल म्हणाला.

तेव्हा खुशालरावांनी हात वर केला. "राहू द्या, जमादार. गरीब बाई हाये. माही तिच्यावर काई तक्रार नाई."

जमादारालाही बरंच वाटलं, त्याचा लिहिण्याचा ताप वाचला. लोक म्हणाले, मन असावं तर असं. अर्धा कट्टा श्यामच्या पाठीवर घालून घरी परत आणला गेला. त्या संध्याकाळी कौशल्येनं नवऱ्याला जेवायला वाढलं. तोंड उघडायचं म्हणून तिनं दोनदा तयारी केली, आणि दोन्ही वेळा आणखी एक भाकरी वाढली.

आठवडा उलटायच्या आत शाळेची समिती बसली. उद्धव सर मुख्याध्यापक होते, शांत माणूस, मुलांवर जीव असलेला. त्यांनी आपल्या परीनं सांगून पाहिलं की पार्बताबाईंच्या हातून आजवर एक वाटी तांदूळ इकडचा तिकडे झालेला नाही. पण समितीतल्या लोकांचं म्हणणं पडलं की धान्याच्या खोलीची चावी असल्या बाईच्या हातात कशी ठेवायची. खिचडीचं काम उपसरपंचाच्या भावजयीला, माणिकबाईला मिळालं.

सुरुवातीला मुलं विचारायची, पार्बताआजी कधी येणार? माणिकबाईच्या खिचडीत पाणी जास्त असायचं आणि ती दुसऱ्यांदा वाढायची नाही. पुढे विचारणं थांबलं. मुलं ऐकतात तेच शिकतात, त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. फाल्गुन लागेपर्यंत शाळेच्या आवारात चोर-पोलिसाचा नवा खेळ सुरू झाला होता. पूर्वी चोर पळायचा, आता चोर झालेल्या पोरीनं डोक्यावर दप्तर घेऊन वाकत चालायचं आणि बाकीच्यांनी ते उघडून पाहायचं. कौशल्या एकदा देवळातून परत येताना कुंपणाशी थांबून हा खेळ पाहत राहिली. चोर झालेली पोरगी वस्तीतली होती. तीही खूश होती, कारण खेळात तिला पहिल्यांदाच मुख्य काम मिळालं होतं.

कौशल्येनं प्रियदर्शनीला फोनवर सगळं सांगितलं. पोरगी रडली. पार्बतामावशीचं फार वाईट झालं म्हणाली. थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, तिनं विचारलं की हे सांगणं परीक्षा होईपर्यंत थांबवता येईल का. बाबांना कळलं तर ते तिला तिथून उचलूनच आणतील. कौशल्येला त्या क्षणी हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची तिला नंतर किती तरी दिवस शरम वाटत राहिली.

गावावर मात्र त्या चोरीची पुटं एकेक करून चढत गेली. दर्यापूरचा एक कॅमेरे विकणारा बेलोरीत दर आठवड्याला दिसू लागला. ज्यांच्या कोठ्यावर कधी मांजरही फिरकलं नाही त्यांनीही कॅमेरे लावले. वस्तीतल्या चुलींवर डाळ दिसेनाशी झाली, भाकरीसोबत नुसतं तिखट आलं. हरभरा सोंगायची वेळ आली तेव्हा खुशालरावांनी श्यामला बाया सांगून यायला पाठवलं, तर बाया यायला तयार नव्हत्या. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कपड्यांच्या कारखान्यांना माणसं हवी होती, त्यांची गाडी फाट्यावर येत होती. मजुरी दोन्हीकडे सारखीच, पण शेतावर मजुरीबरोबर सरवा असायचा. तो गेल्यावर उन्हात कशाला मरायचं? हरभरा उभ्या उभ्या वाळून तडकू लागला. शेवटी हार्वेस्टर बोलवावा लागला, आणि खुशालराव दिवसभर चिडचिडत राहिले की वस्तीतल्या लोकांना माज आला.

मोठ्या घरच्या बायांचीही मागची दारं बंद झाली होती. बोचकं उघडून पाहतात म्हटल्यावर त्यांचं धान्य दुकानात नेणार कोण? सुंदराबाईच्या घरी हळदीकुंकवाला बायका जमल्या तेव्हा हीच कुजबुज चालली होती. एकीला बहिणीच्या पोराच्या बारशाला काही न्यायचं होतं, दुसरीला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. सुंदराबाई वाण देता देता कौशल्येच्या कानाशी आली.

"तुहाच कट्टा होता ना वं तो?"

कौशल्येनं वाण पदरात घेतलं.

"आमाले सगळ्याईले समजलं तवाच. पन आमी कायले बोलतो? बोल्लं असतं तं पह्यलं आमच्याच घरात इचारलं असतं."

सगळ्या जणींना माहीत होतं. वस्तीकडे जाणाऱ्या त्या गर्दीत त्याही होत्या, आणि त्या दिवशी त्यांनीही आपापले पदर सारखे केले होते. कौशल्येला वाटलं होतं की गुन्हा आपल्या एकटीचा आहे. तो सगळ्यांत वाटला गेला आहे हे कळल्यावर तिचा वाटा हलका व्हायला हवा होता. तो झाला नाही.

तिनं एका गोष्टीवर मनाचा भार टाकला होता. खरे चोर सापडले, की पार्बता आपोआप सुटेल. मग आपण न बोललेल्या चार शब्दांची गरजच उरणार नाही. रोज देवाला ती तेवढंच मागायची.

देवानं ऐकलं. चैत्रात अकोल्याहून शुभंकरचा फोन आला. शुभंकर तिचा थोरला, अकोल्याच्या कोर्टात वकिली करत होता. एका डाळमिलीत तूर विकताना टोळी पकडली गेली होती. एक पिकअपचा चालक, दोन मजूर, आणि त्यांच्यावर एका अडत्याचा पुतण्या. माल सगळा तसाच होता, खुणेच्या कट्ट्यांसकट. रविवारी शुभंकर गावी आला आणि ओसरीवर बसून त्यानं सगळं सविस्तर सांगितलं. माल कोर्टातून सोडवून आणता येईल. आरोपींचा जामीन झाला आहे. अडत्याच्या पुतण्यानं अकोल्यातला नावाजलेला वकील दिला आहे, पंचनामा कच्चा आहे, त्यामुळे खटला उभा राहिला तरी माणसं बहुधा सुटतील.

"म्हंजे पार्बताचं काई नव्हतं त्याच्यात," कौशल्या दारातून म्हणाली. तिचा आवाज थोडा जास्तच मोकळा निघाला.

"नाही आई, उलट आहे," शुभंकर म्हणाला. "चोरीला गेलेले कट्टे जेवढे होते तेवढे सगळे मिळाले. म्हणजे पार्बतामावशीकडचा कट्टा ह्या चोरीतला नव्हताच. ती आधीपासून वेगळी नेत असणार. आज एक सापडला, असे किती गेले असतील."

खुशालराव हुंकारले. कौशल्येनं चौकट धरली. तिला अजून एक दार दिसत होतं, तिनं ते ढकलून पाहिलं. पार्बतावर केस तर झालीच नाही, मग ती चोर कशी?

शुभंकर हसला, जसा वकील घरच्या माणसाच्या प्रश्नाला हसतो. "केस झाली असती तर सुटली तरी असती, आई. साक्षीपुरावा झाला असता, तिच्या बाजूनं कोणी बोललं असतं. ज्याच्यावर खटलाच नाही त्याला निर्दोष कोण ठरवणार?"

तो दुपारी निघून गेला. कौशल्या मागच्या पडवीत जाऊन बसली. खुशालराव हात धुवायला आले तेव्हा तिनं त्यांच्याकडे न पाहता सांगून टाकलं, एकदम, सगळं. सासूपासून सुरुवात केली आणि प्रियदर्शनीच्या क्लासवर आणून संपवलं. तिला वाटलं होतं ते ओरडतील. ते टॉवेलनं हात पुसत राहिले. एकेक बोट पुसलं.

"मले माहीत हाये," ते म्हणाले.

"काय माहीत हाये?"

"तूर जाते ते. माही माय इकत होती, तू इकतं. कोनत्या घरातली जात नाही? पोरीचं नव्हतं माहीत. ते पाहतो मी." मग टॉवेल दोरीवर टाकून, "त्या दिवशी कट्ट्यात हात घातला तवाच समजलं. कट्टा अर्धा कोनी चोरत नाही. चोर भरला कट्टा उचलते."

कौशल्या त्यांच्याकडे वळली. "मंग तुमी बोल्ले काहून नाही?"

"काय बोलू? चार लोकाईसमोर म्हनू का, का माही बायको चोर हाये? म्हनून तं तक्रार नाही केली म्या तिच्यावर. अजून काय कराले पायजे होतं?"

ते खरोखरच विचारत होते. त्यांच्या हिशेबानं त्यांनी दोघींनाही वाचवलं होतं. जाताना ते वळून म्हणाले की आता हे बाहेर काढायचं नाही, शुभंकरची वकिली आहे, पोरीचं लग्न व्हायचं आहे.

दुसऱ्या दिवशी कौशल्या शाळेत गेली. मधल्या सुट्टीनंतरची वेळ होती. उद्धव सर कार्यालयात होते, समितीचे दोघं कुठल्याशा कामासाठी आलेले होते, आणि माणिकबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. कौशल्येनं उभ्यानंच सांगितलं की तो कट्टा मी माझ्या हातानं पार्बताला दिला होता, विकायला. चोरी झाली असेल तर ती माझ्या हातून, माझ्याच घरात. पार्बतानं माझं नाव लपवलं म्हणून ती खोटं बोलली. तिला कामावर परत घ्या.

समितीतल्या एकानं दुसऱ्याकडे पाहिलं आणि तो हळूच हसला, आदरानं. म्हणाला, "काकू, तुमचं मन लय मोठं हाये. कोन दुसऱ्याचा आळ आपल्या अंगावर घेते आजकाल?"

ती म्हणाली, आळ घेत नाही मी, जे झालं ते सांगते. तेव्हा दुसरा म्हणाला की खुशालरावांनीही असंच केलं होतं, तक्रार दिली नाही, घरच तसं आहे. मालकीण स्वतःच्या घरची तूर चोरते हे ऐकून लहान पोरही हसेल. स्वतःच्या घरच्या धान्याला हात लावला तर त्याला चोरी म्हणतात का? माणिकबाईनं तांदळातला एक खडा वेचून बाहेर फेकला आणि पुन्हा सुपात बोटं फिरवू लागली.

उद्धव सर मात्र तिच्याकडेच पाहत होते. त्यांचा विश्वास बसला होता, हे कौशल्येनं ओळखलं. ती बाहेर पडली तेव्हा ते तिच्यामागून व्हरांड्यापर्यंत आले. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि अपराधी आवाजात सांगितलं की ठराव झालेला आहे, आता बदलायचा तर ग्रामसभेत न्यावा लागेल, आणि ग्रामसभेत खुशालरावांनी स्वतः उभं राहून सांगितलं तरच काही होईल. ते सांगतील का? कौशल्येनं मान हलवली. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

घरी येऊन तिनं कोठीतून तूर काढली. ह्या वेळी कट्टा घेतला नाही, जुन्या साडीत बांधली, चांगली घसघशीत. श्यामला बोचकं डोक्यावर चढवून द्यायला सांगितलं. तो म्हणाला, मी नेऊन देतो ना, मालकीणबाई. ती नको म्हणाली. उपसरपंचाच्या ओट्यावर दोघंतिघं बसलेले होते. डोक्यावर बोचकं घेऊन जाणाऱ्या मालकिणीला पाहून ते उठून उभे राहिले, राम राम म्हणाले, बोचक्यात काय आहे हे कोणी विचारलं नाही.

पार्बता अंगणात होती. अंगावर धुतलेलं लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डबा. गेला महिनाभर ती नांदगाव पेठेला दुसऱ्या पाळीला जात होती. तिथे कापलेल्या कपड्यांचे धागे झाडायचं काम होतं. ती पूर्वीपेक्षा बारीक दिसत होती. कौशल्येला पाहून ती दचकली नाही आणि पुढेही झाली नाही.

कौशल्येनं बोचकं कसंबसं खाली टेकवलं. शाळेत जाऊन आल्याचं सांगितलं. घरी बोलल्याचंही सांगितलं. लोक काय म्हणाले तेही सांगितलं. पार्बतानं सगळं ऐकून घेतलं. मग कौशल्या म्हणाली की हे ठेव, ह्यातलं मला काही नको, दुकानात न्यायचं नाही, हे तुझं. आणि तिनं बोचक्याला हात लावून ते उंबऱ्याकडे सरकवलं.

"आत नका आनू, बाई," पार्बता म्हणाली. "पुन्हा माह्या घरात सापडन."

"मी सांगन ना सगळ्याईले, का मी देल्ली."

"सांगतलंच तं तुमी. कोनी आयकलं?"

कौशल्येनं बोचक्यावरचा हात काढून घेतला. तिच्या एकदम लक्षात आलं की पार्बता रागावलेली नाही. राग असता तर तिला बसून तो सोसता आला असता, पाय धरता आले असते.

"त्या दिवशी तू माह्याकडं पाह्यलं," ती म्हणाली. "मले समजलं होतं, पार्बता."

"मलेही समजलं होतं, तुमाले समजलं म्हनून." पार्बतानं पिशवी खांद्यावर सारली. "म्या म्हटलं, बाई आज नाही तं उद्या बोलन. पोळी-भाकरी झाल्यावर बोलन. रोज वाट पाह्यली. मंग पोरं शाळेतून घरी याले लागले आन रस्त्यानं मले पाहून दप्तर डोक्यावर घ्याले लागले. तवा वाट पाहनं सोडलं."

फाट्याच्या बाजूनं हॉर्न वाजला. कारखान्याची गाडी जास्त वेळ थांबत नाही. पार्बतानं दाराला कडी लावली, कुलूप घातलं, ओढून पाहिलं. बोचकं अजून अंगणातच होतं. अंगणात ठेवून जाणं म्हणजे घरात ठेवण्यासारखंच, हे दोघींनाही कळत होतं. कौशल्येनं ते उचलायला पाहिलं, पण जमिनीवरून डोक्यावर बोचकं एकट्यानं चढवता येत नाही, त्याला दुसरा हात लागतो.

पार्बतानं पिशवी खाली ठेवली. कौशल्येच्या पदराचं टोक तिनं पिळून गोल चुंबळ केली, तिच्या डोक्यावर बसवली. मग एका बाजूनं बोचकं धरलं, दुसरी बाजू कौशल्येनं धरली, आणि एका दमात ते वर गेलं. तूर आतल्या आत सरकली. कौशल्येची मान डगमगली.

"खाली पाहू नका," पार्बता म्हणाली. "खाली पाह्यलं का वजन पुढं येते. सरळ पाहा आन जा."

आणि पिशवी उचलून ती फाट्याकडे धावत निघाली.